युनियन नसल्याचा दाखला

बोईसरला मी व्याख्यान द्यायला गेलो होतो. ते झालं नाही. चार दिवसांत मी बोंबलांची एक रांग जमीनदोस्त केली, एका भल्या माणसाची नोकरी धोक्यात आणली आणि एका कारखान्याच्या साहेबासमोर चार धर्मगुरू शाळेतल्या पोरांसारखे एका ओळीत बसलेले पाहिले. एवढं गाठोडं घेऊन परत आलेला माणूस गप्प बसत नसतो.

मी नगरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि हौसेने ख्रिस्ती कीर्तन करतो. पेटी, तबला, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं यथासांग. फक्त आख्यान बायबलमधलं. बोईसरला माझी धाकटी बहीण सुवार्ता राहते. तिचे यजमान सुधाकरदाजी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहेत. जानेवारीत जगभरचे ख्रिस्ती लोक एक आठवडा आपापसातल्या ऐक्यासाठी प्रार्थना करतात. त्या आठवड्यातल्या रविवारी मी बोलावं, अशी दाजींची इच्छा होती. त्यांनी विषय विचारला आणि मी फोनवरून लिहून पाठवलं : ‘चर्च युनियन : इतिहास आणि वाटचाल’.

इथे एक खुलासा. आमच्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ‘युनियन’ हा घरातला शब्द आहे. नगरला अमेरिकन मिशनरी आले, पुण्या-मुंबईला स्कॉटिश आणि इंग्रज. प्रत्येकाने आपापल्या देशातलं भांडण सोबत आणलं आणि आम्ही ते मनोभावे सांभाळलं. पुढे स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतले पंथ एक झाले, त्यानंतर वीसेक वर्षांनी उत्तरेतले. त्या जोडणीला आमचे वडीलधारे ‘युनियन’ म्हणत. ‘युनियनच्या आधी तुझे आजोबा पाळक होते,’ असं आजी सांगायची, जसं दुसऱ्या घरात ‘दुष्काळाच्या आधी’ म्हणतात.

बोईसरला या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

शुक्रवार, बोईसर

स्टेशनबाहेर दाजी मोटरसायकल घेऊन उभे होते. माणूस मितभाषी. अकरा वर्षं एका कारखान्यात काढूनही ज्याच्याबद्दल कोणी तक्रार केली नाही आणि ज्याने कोणाबद्दल केली नाही, असा. पहिल्या चौकात त्यांनी गाडी हळू केली, दुसऱ्या चौकात थांबवली आणि वर बघत राहिले.

वर माझं व्याख्यान लटकत होतं. लालभडक फ्लेक्स. ‘युनियन’ हा शब्द हातभर, पिवळा. त्याच्या डोक्यावर मुंगीएवढा ‘चर्च’. शेजारी आकाशाकडे उगारलेली एक दणदणीत मूठ. खाली ‘सर्व चर्च व सर्व बंधूंनी मोठ्या संख्येने उपस्थित रहावे’ आणि त्याखाली ‘संयोजक : सुधाकर’, आडनावासकट, मोबाईल नंबरासकट.

‘‘दादा,’’ दाजी म्हणाले, ‘‘प्रूफ तुम्ही बघितलं होतं ना?’’

बघितलं होतं. दाजींची रात्रपाळी होती म्हणून त्यांनी ते मला पाठवलं होतं. चष्मा जवळ नव्हता. माझं नाव ठळक दिसलं, शेजारी हातासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं, प्रार्थनेत जोडलेले हात असतील. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

आम्ही फ्लेक्सच्या दुकानात गेलो. ऑपरेटर पोरगेला होता, पण आत्मविश्वास दांडगा. ‘‘सर, यूनियन का डिज़ाइन यही चलता है। गणपती का अलग है, बड्डे का अलग है। मैंने तो झंडा भी डाला था, जगह कम पड़ गई।’’

‘‘किती लावले?’’ दाजींनी विचारलं.

‘‘आठ. कंपनी के रास्ते पर चार. वहाँ पब्लिक ज़्यादा देखती है।’’

संध्याकाळी आम्ही आठही उतरवले. पण तोवर ते दिवसभर वाऱ्यावर डोलले होते.

शनिवार, पालघर आणि सातपाटी

सकाळची पाळी धरायला निघालेले दाजी तासाभरात परत आले. सुवार्ता भाकरी थापत होती. बोईसरात इतकी वर्षं राहून ती तांदळाची भाकरी आमच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा सफाईने करते. नगरवाल्याला हे बघवत नाही, पण खाववतं.

‘‘डबा विसरलात का?’’ तिने विचारलं.

‘‘गेटपास घेतला.’’

‘‘कोणी?’’

‘‘वॉचमनने. वरून ऑर्डर आहे म्हणाला.’’ दाजींनी बूट काढले आणि ते एकाशेजारी एक नीट लावत बसले. नीट होते तरी लावत राहिले.

दहा वाजता एचआरच्या साहेबांचा फोन आला. दाजींनी आवाज मोठा केला. साहेब शांतपणे बोलत होते. कारखान्यात युनियन काढणाऱ्यांबद्दल कंपनीचं धोरण स्पष्ट आहे. सुधाकरराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. धार्मिक कार्यक्रम असेल तर तसं लेखी द्या. त्यासाठी कंपनीचा एक ठरलेला मजकूर आहे. आणि फ्लेक्सवर ‘सर्व चर्च’ म्हटलंय, तर सर्व चर्चच्या प्रमुखांच्या सह्या हव्यात. एकाच कागदावर. सोमवारी दुपारपर्यंत. नाहीतर कागद मुख्य ऑफिसला जाईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

पाठोपाठ मजकुराचा फोटो आला. दोन वाक्यं होती. पहिलं : आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की आमची कोणतीही युनियन नाही. दुसरं : भविष्यात अशी युनियन स्थापन करण्याचा आमचा हेतू नाही.

‘‘एवढंच ना?’’ मी म्हणालो. ‘‘चर्चची युनियन नाही, हे तर कोणीही डोळे मिटून लिहून देईल.’’

सुवार्ताने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पिशवी उचलून तिच्यामागे निघालो.

या भागातले चर्चप्रमुख चार. कॅथलिकांचे फादर, आमच्या मराठी प्रॉटेस्टंटांचे पाळकसाहेब, केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचे अच्चन आणि तमिळ-हिंदी मंडळीचे पास्टर. एकाच कामाला चार शब्द. इतिहासाचा अर्धा तास इथेच वाचतो.

फादर आम्हाला पालघरला भेटले. मूळचे वसईकडचे, साठीचे, हसरे. पहिलं वाक्य वाचून ते खदखदून हसले.

‘‘आमची युनियन नाही! अहो मास्तर, याच्यावर मी दोनदा सही करतो. पोपसुद्धा करतील.’’

मग दुसरं वाक्य वाचलं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘हे मात्र नाही करता येणार, बाई.’’

‘‘का, फादर?’’

‘‘या आठवड्यात रोज वेदीसमोर उभा राहून मी ऐक्यासाठी प्रार्थना केलीय. सोमवारी कागदावर लिहू, की तसा हेतू नाही?’’

सुवार्ता शांतपणे म्हणाली, ‘‘फादर, तुमचा हेतू हजार वर्षं थांबलाय. माझ्या माणसाचा गेटपास सोमवारपर्यंतच थांबणार आहे.’’

फादरांनी चष्मा परत चढवला. ‘‘उद्या व्याख्यानाला येतोच आहे, तेव्हा बघू,’’ एवढंच म्हणाले.

तिथून आम्ही सातपाटीला गेलो, कारण घरावर संकट आलं तरी शनिवारची मासळी ठरलेली असते. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच वलांड्या आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील, ओळीच्या ओळी. वासाबद्दल बोलत नाही. पहिली दहा मिनिटं नाक तक्रार करतं, मग पोट त्याला गप्प बसवतं.

सुवार्ताची ठरलेली मासेवाली मंदामावशी. तिने हिचा चेहरा ओळखला आणि सगळं काढून घेतलं. मग माझ्याकडे वळली. ‘‘तुमच्या देवळात भांडण कशावरून हाय?’’

माणसाला व्याख्यान द्यायला बोलावलेलं असावं आणि असा प्रश्न समोरून यावा! मी सुरू झालो. हजारेक वर्षांपूर्वी रोमच्या आणि पूर्वेकडच्या धर्मगुरूंनी एकमेकांना कसं बहिष्कृत केलं. पवित्र भाकरीत खमीर घालायचं की नाही यावरून ग्रंथच्या ग्रंथ कसे लिहिले गेले. चारशे वर्षांनी इटलीत दोन्ही बाजू बसल्या, ऐक्याच्या कागदावर सह्या झाल्या आणि पूर्वेकडचे लोक घरी पोचले तेव्हा घरच्यांनी त्या सह्या कशा झुगारून दिल्या. ‘झुगारून’ म्हणताना मी हात फेकला. तो वलांडीच्या दोरीत अडकला. बांबू कलला आणि दोनेकशे बोंबील माझ्या अंगावरून वाळूत आले.

मंदामावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘‘आता हे ऐक्य परत दोरीवर चढवा,’’ ती म्हणाली.

आम्ही तिघांनी ते चढवले. चढवता चढवता ती म्हणाली, ‘‘खमीर घालायचं त्यानं घालावं. आमी बोंबील ओला खातो, सुका बी खातो. आमच्याकडं मच्छीमारांच्या सोसायट्या येगळ्या हायत, पन वारा सुटला का कोन इचारत नाय, होडी कुठल्या सोसायटीची.’’

‘‘वा!’’ मी म्हणालो.

‘‘वा काय? वारा पडला का परत भांडतात.’’

रविवार, बोईसर

फादरांना पालघरला स्वतःचं चर्च आहे. बाकीचे तिघे बोईसरच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतात आणि तोही पाळ्यांमध्ये. कारखान्यांच्या गावात प्रार्थनाही शिफ्टमध्ये चालते. पहिली पाळी पाळकसाहेबांची मराठी, दुसरी अच्चनांची मल्याळम, तिसरी पास्टरांची. मी तिन्ही पाळ्या केल्या.

पहिल्या पाळीत पेटी-तबला आणि बसून भजन; नगरला असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या पाळीत धूप, पडदा आणि दोन तास उभं राहणं. माझ्या गुडघ्यांनी त्या परंपरेचं प्राचीनत्व मान्य केलं. तिसऱ्या पाळीत ड्रम. मजा अशी, की ही मंडळी वर्षानुवर्षं एकाच बाकांवर बसतात, पण एकमेकांना ओळखतात ती फक्त मागे राहिलेल्या वस्तूंवरून. ‘‘दुसरी पाळीवाले छत्र्या फार विसरतात,’’ पास्टर मला म्हणाले. ‘‘पहिली पाळीवाले बाकं सरळ लावून जातात,’’ असं अच्चनांचं म्हणणं.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही हॉलवर पोचलो, तर दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, ‘‘यूनियनको हॉल नहीं देने का, ट्रस्टीने बोला।’’ चारही धर्मगुरू आवारात उभे होते, एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर. आणि वडाच्या पारावर पंचवीस-तीस माणसं बसली होती. निळे, खाकी शर्ट. कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी ओडिशाचा. कंत्राटी कामगार. फ्लेक्स बघून आले होते.

त्यातला एक वयस्क माणूस उठला. ‘‘यूनियनवाले साहब आप हैं?’’

व्याख्यात्याला कुलूपबंद हॉल आणि समोर तीस श्रोते मिळाले, तर त्याने काय करावं? मी पारावर चढलो आणि माझ्या नगरी हिंदीत सांगितलं, की साहब मी आहे, पण यूनियन कामगारांची नाही, चर्चांची. ती जोडायचा प्रयत्न हजार वर्षं चाललाय. कधी सह्या होतात आणि मोडतात. कधी नऊशे वर्षांनी एकमेकांचे शाप मागे घेतात, पण तरी एका ताटात जेवत नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली, कारण परक्या मुलुखात लोक विचारायला लागले, की तुमचा देव एक तर दारं इतकी का?

ती माणसं नीट ऐकत होती. मला इतकं शांत सभागृह नगरमध्ये कधी मिळालं नाही. शेवटी तो वयस्क माणूस म्हणाला, ‘‘हज़ार साल? हम लोग तो तीन महीने में थक गए थे।’’ तो हसला नाही. हात जोडले आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेला. मी पारावरून उतरलो. 

मग सुवार्ताने पर्समधून तो कागद काढला. तिने मजकूर टाईप करून आणला होता. शिपायाने दयेपोटी एक बाक बाहेर दिलं.

पहिल्या वाक्यावर वाद झाला नाही. ‘‘एकदम सही बात,’’ पास्टर म्हणाले. अच्चनांनी तर भर घातली : ‘‘हमारे केरला में एक बार सब लोगों ने एक रस्सी पकड़ के कसम खाया था। बाद में रस्सी का भी टुकड़ा हो गया। मैं किस टुकड़े का हूँ, वो समझाने में शाम हो जाएगी।’’

दुसऱ्या वाक्यापाशी चौघेही थांबले. पाळकसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. कोणी पेन पुढे केलं नाही.

‘‘नाही जमणार,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘आमची मंडळी याच हेतूतून जन्मली. माझ्या बापाने त्यासाठी नातेवाईक तोडले.’’

‘‘मुझसे भी नहीं होगा,’’ पास्टर म्हणाले. त्यांच्या पंथाला ऐक्यपरिषदांचा नेहमी संशय असतो, म्हणून मी चमकून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘परिषद में मैं नहीं जाता। पर प्रभुने बोला है सब एक हों। उसके खिलाफ साइन कैसे करूँ?’’

मी मनात मोजलं. चौघे एका गोष्टीवर सहमत झाले होते. नेमकी तीच गोष्ट दाजींना घरी बसवणार होती.

सुवार्ताचे डोळे भरून आले. ती काही बोलणार, एवढ्यात दाजी म्हणाले, ‘‘नका करू.’’ कालपासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलले. ‘‘मी तर दर रविवारी पहिल्या पाळीची बाकं लावतो. दुसऱ्या पाळीला पाय अडखळू नये म्हणून. पास्टर, त्या छत्र्यासुद्धा मीच कपाटात ठेवतो. माझाही हेतू आहे. मग माझ्यासाठी तुम्ही खोटं कशाला लिहिता?’’

‘‘बाकं हे लावतात?’’ अच्चन म्हणाले.

पाळकसाहेबांनी हात पुढे केला. ‘‘मास्तर, पट्टी आहे?’’

इतिहास शिकवणाऱ्याच्या पिशवीत पट्टी असते. त्यांनी दुसऱ्या वाक्यावर ती ठेवली आणि एक सरळ रेघ मारली. फादर म्हणाले, ‘‘खाडाखोड केली तर तिथे सही लागते, नाहीतर कोणीही म्हणेल, सुधाकरने स्वतः खोडलं.’’ पहिली सही कोणाची, यावर सात-आठ मिनिटं अतिशय सौजन्याने भांडण झालं. प्रत्येकजण दुसऱ्याला पुढे करत होता, पण मनातून कोणालाच दुसरा पहिला नको होता. शेवटी फादरांनी रेघेच्या वर सही केली, अच्चनांनी खाली, पाळकसाहेबांनी अलीकडे, पास्टरांनी पलीकडे. वरून बघितलं तर त्या खोडलेल्या वाक्याला चारी बाजूंनी कुंपण घातल्यासारखं दिसत होतं.

‘‘साहेब म्हणतील, मजकूर बदलता येत नाही,’’ सुवार्ता म्हणाली.

‘‘तर आम्ही येऊन सांगू,’’ फादर म्हणाले. बाकीच्या तिघांनी ‘आम्ही’वर हरकत घेतली नाही.

सोमवार, कारखान्याच्या फाटकापाशी

फाटकावर भेट देणाऱ्यांचं रजिस्टर होतं. वॉचमन ‘‘जल्दी, जल्दी’’ करत होता. चौघांनी आपापल्या ओळी भरल्या. माझा चष्मा खिशात आणि खिसा सदऱ्याच्या आत, म्हणून माझी ओळ पास्टरांनीच भरली. दाजींना गेटपास नव्हता, त्यामुळे अकरा वर्षं ज्या फाटकातून गेले, त्यातून तेही त्या दिवशी पाहुणे म्हणून आत गेले.

एचआरचे साहेब सांगलीकडचे निघाले, माझ्याच वयाचे. त्यांनी बोटाने मोजलं. ‘‘एक, दोन, तीन... सहा. युनियनच्या नोंदणीला कमीत कमी सात लागतात. म्हणजे तुम्ही बसू शकता.’’

कोणी हसलं नाही. त्यांनी कागद वाचला. रेघेवर बोट ठेवलं.

‘‘हे काय?’’

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फादर बोलले. ‘‘साहेब, पहिलं वाक्य खरं आहे. आमची युनियन नाही. याची आम्हाला लाज वाटते, पण नाही. दुसऱ्यावर सही केली तर सुधाकरची नोकरी वाचेल, आमच्या चौघांची जाईल.’’

‘‘तुमचे मालक कोण?’’

फादरांनी छताकडे बोट केलं. साहेबांनीही वर पाहिलं. तिथे पंखा होता.

‘‘म्हणजे युनियन करायचा तुमचा हेतू आहे,’’ साहेब म्हणाले. 

‘‘आहे,’’ अच्चन म्हणाले. ‘‘है,’’ पास्टर म्हणाले. पाळकसाहेबांनी मान हलवली.

‘‘कधीपासून?’’

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलावलं होतं ते याच कामासाठी. ‘‘साधारण हजार वर्षांपासून,’’ मी म्हणालो. एवढं छोटं व्याख्यान मी आयुष्यात दिलेलं नाही.

साहेब खुर्चीत मागे टेकले. कागद पुन्हा एकदा वाचला. रेघेवरचा आणि रेघेखालचाही. मग फोन उचलून फाटकावर सांगितलं, ‘‘सुधाकररावांचा पास देऊन टाका.’’ आणि आम्हाला म्हणाले, ‘‘हजार वर्षांत होत नाही, त्या युनियनला आमची कंपनी घाबरत नाही.’’

दाजी उठले. त्यांनी चौघांना नमस्कार केला, मला केला नाही, ते रास्तच होतं. ‘‘दुसरी पाळी सुरू व्हायला अर्धा तास आहे,’’ म्हणाले आणि आत निघून गेले. सुवार्ताला फोन मी केला. तिने आधी दाजी आत गेले का, ते विचारलं. मग म्हणाली, ‘‘ओले बोंबील आणलेत, दादा. जेवायला ये. हात मात्र खाली ठेव.’’

बाहेर पडताना रजिस्टरात वेळ लिहायची होती. या खेपेला मी चष्मा लावला. नाव, गाव, कोणाला भेटायचं, आणि मग एक रकाना : ‘कोणत्या संस्थेकडून’. पहिल्या ओळीत फादरांनी लिहिलं होतं, ‘चर्च’. त्याखाली अच्चनांनी, त्याखाली पाळकसाहेबांनी, त्याखाली पास्टरांनी, घाईघाईत, फक्त ‘वरीलप्रमाणे’ची दोन-दोन छोटी टिंबं दिली होती : ,, ,, ,,

माझ्या ओळीतही तेच होतं.